'व्हेरिफाइड' स्थळ, अर्धवट घटस्फोट आणि ४२०

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

वकीलबाईंना सप्रेम नमस्कार. मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. मुलगी ३६ वर्षांची, घटस्फोटित, विजयनगरला एका कंपनीत नोकरी करते. २०२४ च्या दिवाळीनंतर लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटवर तिचं नाव घातलं. २४,००० रुपये भरून त्यांची 'खास सेवा' घेतली. त्यांच्या एक बाई दर आठवड्याला फोन करायच्या. त्यांनीच बडोद्याचं स्थळ सुचवलं. मराठी घर, मुलगा इंजिनिअर, 'घटस्फोटित' असं लिहिलेलं, नावापुढे 'व्हेरिफाइड'ची खूण. आईवडिलांना घेऊन तो इंदूरला आला, पसंती झाली, अक्षय्य तृतीयेला साखरपुडा केला. 'दोघांच्या नावानं फ्लॅट बुक करू' म्हणाला, म्हणून मुलीनं चार वेळा मिळून ३,१०,००० रुपये त्याच्या खात्यावर भरले. मीही एफडी मोडून १,५०,००० चा चेक दिला. हॉलचे ६५,००० आगाऊ भरले. ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोचा मुलीला मेसेज आला, की घटस्फोट झालेलाच नाही, केस बडोद्याच्या कोर्टात चालू आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, 'होणारच आहे, थांबा.' आता फोन उचलत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर टीआय (इथले ठाणेदार) म्हणाले, 'ये तो शादी-ब्याह का मामला है, बड़ौदा जाइए.' भाचा म्हणतो, त्याच्यावर, आईवडिलांवर, बहिणीवर आणि वेबसाइटच्या मालकावर ४२० आणि ४०६ लावा, म्हणजे वेबसाइटवाले घाबरून पैसे देतील. दीर म्हणतात, गप्प बसा, समाजात बोभाटा होईल. मुलगी म्हणते, मला हे विसरायचंय. काय करू? – एक आई

काकू, तुमच्या भाच्याचा राग बरोबर आहे, पण त्याने वहीत लिहिलेली आरोपींची यादी चूक आहे. दिरांचा सल्ला तर मी बाजूलाच ठेवते. साखरपुडा पन्नास माणसांसमोर झाला, तो मोडल्याचं समाजाला कळलेलंच आहे. फसवणूक झाली हे तेवढं कळलेलं नाही.

आधी आकड्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तुमचं सगळं त्यानंतर घडलं, त्यामुळे ४२० हे फसवणुकीचं जुनं कलम तुमच्या कामाचं नाही. त्याच्या जागी ३१८(४) आहे. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. बोलताना खुशाल चारशे वीस म्हणा, सगळे वकील अजून म्हणतात. आवेदनात, म्हणजे लेखी तक्रारीत, मात्र नवं कलम घाला, नाहीतर ठाण्यातल्या मुन्शीजींना (लेखनिकांना) कागद परत करायला आयतं निमित्त मिळेल.

आता खरा मुद्दा. लग्न मोडणं हा गुन्हा नाही. शब्द फिरवणं हा गुन्हा नाही. पैसे घेऊन परत न करणं हासुद्धा आपोआप गुन्हा ठरत नाही, ती वसुलीची बाब असू शकते. फसवणूक म्हणायची तर पैसे हातात घेतले त्या क्षणी समोरच्याच्या मनात खोट होती आणि त्याने खोटं सांगून किंवा खरं लपवून तुमच्याकडून ते काढले, एवढं दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालय निदान २००० सालापासून हे पुन्हा पुन्हा सांगत आलं आहे: हेतू सुरुवातीपासून हवा, नंतर मन फिरलं तर ती फसवणूक नव्हे.

२०२४ मध्ये कर्नाटकातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. लग्न ठरलं, मुलीकडच्यांनी हॉलची आगाऊ रक्कम भरली, आणि मग मुलाचं दुसरीकडे लग्न झाल्याचं कळलं. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाने रद्द केला, कारण पहिल्यापासून फसवायचं होतं असं कुठेच दिसत नव्हतं. त्या मुलाचा वकील तुमच्याविरुद्ध हाच निकाल पहिल्या तारखेला काढणार, हे आत्ताच धरून चाला.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या प्रकरणात नव्हती. तुमच्या प्रकरणात खोटं बोलणं लग्न मोडताना सुरू झालेलं नाही. ते प्रोफाइलच्या पहिल्या रकान्यातच आहे. ज्याची घटस्फोटाची केस चालू आहे तो माणूस कायद्याने विवाहित असतो. 'होणारच आहे' या उत्तराने त्याचा बचाव होत नाही. उलट तेव्हा झाला नव्हता आणि हे त्याला माहीत होतं, असा तो कबुलीजबाबच आहे. ते उत्तर जपून ठेवा. तोंडी बोलला असेल तर ठीक, पण लिहून पाठवलं असेल तर तुमच्या हातात सोनं आहे.

म्हणून तुमचं आवेदन साखरपुडा मोडल्यापासून सुरू करू नका. लोक तिथूनच सुरू करतात, पानभर रडगाणं येतं, आणि टीआय साहेब पहिल्या चार ओळींत 'शादी-ब्याह का मामला' ठरवून मोकळे होतात. सुरुवात प्रोफाइलपासून करा. अमुक तारखेला त्याने स्वतःला घटस्फोटित लिहिलं. अमुक तारखेला आमच्या घरी बसून तेच सांगितलं. त्या दिवशी प्रत्यक्षात बडोद्याच्या कोर्टात त्याची केस प्रलंबित होती. त्याच्या सांगण्यावर विसंबून अमुक तारखेला इतके रुपये त्याच्या खात्यावर गेले. प्रत्येक रकमेपुढे तारीख, आणि त्या रकमेआधी त्याने काय सांगितलं तो मेसेज. आवेदन हिंदीत लिहा. ठाण्यात तुमचं मराठी कुणी वाचणार नाही, आणि तिथे कुणी आपल्या मनाने भाषांतर केलं तर 'साखरपुडा'चं काय होईल सांगता येत नाही.

केस प्रलंबित असल्याचा पुरावा घरबसल्या शोधता येतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराचं नाव टाकलं की केसची स्थिती सहसा दिसते, दाखल झाल्याची तारीखही. त्याची छपाई काढा. आणि काकू, त्याची बायको तुमची सर्वांत मोलाची साक्षीदार आहे. तिच्यावर चिडू नका. तिने मेसेज केला नसता तर मंडपात उभं राहिल्यावर कळलं असतं, आणि पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट झालेला नसताना लागलेलं लग्न हिंदू विवाह कायद्यानुसार मुळातच शून्य असतं. मुलगी पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढली असती.

एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचाय, कारण पत्रात त्याचं उत्तर नाही. फ्लॅट बुक झाला होता का? बिल्डरचं नाव, बुकिंगची पावती, काहीतरी दिलं असेलच. त्या बिल्डरकडे पत्र पाठवून विचारा. बुकिंग झालेलंच नसेल, तर हे दुसरं खोटं पहिल्याइतकंच भक्कम आहे. बुकिंग झालं असेल आणि एकट्याच्या नावावर असेल, तर तेही लिहा, जसंच्या तसं.

भाच्याच्या ४०६ बद्दल, म्हणजे विश्वासघाताच्या जुन्या कलमाबद्दल. विश्वासघात म्हणजे आधी माल प्रामाणिकपणे सोपवला आणि मग घेणाऱ्याची नियत फिरली. फसवणूक म्हणजे घेतानाच नियत खोटी. एकाच रकमेबद्दल दोन्ही खरं असू शकत नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना आणि खालच्या कोर्टांना हेच सुनावलं. दोन्ही कलमं एकत्र ठोकली की आपली गोष्ट आपल्यालाच नक्की ठाऊक नाही असं दिसतं. एकच धरा, फसवणूक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड हे तोतयेगिरीचं कलम तो सुचवेलच, पण इथे तो माणूस स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच चेहऱ्याने आला होता. ओढूनताणून घालू नका.

आईवडील? ते साखरपुड्याला बसले होते एवढ्याने काही होत नाही. पण सुनेची केस चालू आहे हे ठाऊक असून त्यांनी तुमच्यासमोर 'सगळं मिटलंय' असं म्हटलं असेल, तर कोण, कधी, कुणासमोर म्हणालं ते लिहा. बहिणीचा संबंध काय? नुसतं नातं म्हणून नाव घातलं तर उच्च न्यायालय तिचं नाव काढेल आणि बाकीच्या तक्रारीवरही शंकेची सावली पडेल.

वेबसाइटच्या मालकावर गुन्हा नोंदवण्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण असा सल्ला आजकाल सर्रास ऐकू येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली अशा मध्यस्थाला दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी संरक्षण आहे, मात्र त्याने स्वतः योग्य ती खबरदारी घेतलेली हवी. शिवाय कंपनीचा मालक किंवा संचालक आहे म्हणून फसवणुकीच्या कलमाखाली आपोआप आरोपी होत नाही. गुजरातमधूनच गेलेल्या एका प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. 'व्हेरिफाइड'ची ती खूण बहुतेक वेळा मोबाइल नंबर किंवा ओळखपत्र तपासल्याची असते, घटस्फोटाचा हुकूमनामा पाहिल्याची नव्हे. नियमावलीत बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. मला ही पद्धत अजिबात आवडत नाही. आपल्या लोकांना खूण दिसते, बारीक अक्षरं दिसत नाहीत, आणि कंपन्यांना ते पक्कं ठाऊक असतं. पण आवडत नाही म्हणून तो गुन्हा होत नाही.

गुन्हा कधी होतो? चालकच खोटी स्थळं बनवत असतील तेव्हा. ग्वाल्हेरला पोलिसांनी लग्न जुळवण्याच्या नावाखाली चालणारं कॉल सेंटर पकडलं, त्यात मुलींचे फोटो दाखवून पैसे उकळले जात होते. ते धंदेच फसवणुकीचे. तुमच्या बाबतीत बघायचं ते त्या फोन करणाऱ्या बाई नेमकं काय बोलल्या. 'मी स्वतः त्यांचे घटस्फोटाचे कागद पाहिलेत' असं त्यांनी सांगितलं असेल आणि कागद पाहिलेच नसतील, तर गोष्ट वेगळी. तसा मेसेज किंवा रेकॉर्डिंग आहे का ते शोधा.

तसं काही सापडेपर्यंत वेबसाइटला आरोपी करू नका, साक्षीदार करा. त्याने प्रोफाइल कधी बनवलं, 'घटस्फोटित' कधी निवडलं, कोणता दस्तऐवज चढवला, कुठल्या आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) लॉगिन केलं, ही नोंद फक्त त्यांच्याकडे आहे. आरोपी केलंत की तीच माणसं वकिलामागे दडून बसतील. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम ९४ खाली नोटीस देऊन ही नोंद मागवू शकतात. जून २०१६ च्या केंद्र सरकारच्या सूचनेत लग्नाच्या संकेतस्थळांनी वापरकर्त्यांची ओळख तपासावी आणि आयपी नोंदी ठेवाव्यात असं सांगितलेलंच आहे. पण घाई आहे. २०२१ च्या नियमांनुसार खातं बंद केल्यावर माहिती १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे, पुढचा भरवसा नाही. म्हणून आजच त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा: अमुक क्रमांकाचं प्रोफाइल, त्याच्या सर्व नोंदी पोलीस तपासासाठी जपून ठेवाव्यात. पोच चोवीस तासांत द्यावी लागते. नाव-पत्ता वेबसाइटवरच असतो.

तुमचे २४,००० रुपये ही ग्राहक आयोगाची बाब. आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदूरलाच तक्रार करता येते, वेबसाइटचं ऑफिस चेन्नईला असो की मुंबईला. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला आयोगाची फी नाही, मुदत दोन वर्षं. बेंगळुरूच्या ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये स्थळ शोधून न दिल्याबद्दल एका लग्नसेवेला घेतलेली फी व्याजासह परत करायला आणि वर भरपाई द्यायला लावली. वेबसाइटला धडा शिकवायचा तर ही जागा आहे.

ठाण्याबद्दल. 'बड़ौदा जाइए' हे चूक. फोनवरून किंवा मेसेजवरून झालेल्या फसवणुकीचा खटला जिथून संदेश गेला किंवा जिथे तो मिळाला तिथे चालू शकतो, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ मध्ये स्पष्ट आहे. तुमच्या मुलीला मेसेज इंदूरला मिळाले, पैसेही इथल्याच खात्यातून गेले. आवेदन दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून पावती घ्या. कायमी, म्हणजे गुन्ह्याची नोंद, लगेच होईल असं नाही. अशा प्रकरणात पोलीस आधी चौकशी करू शकतात, सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने तेवढी मुभा त्यांना दिलेली आहे. पावती नाकारायची मुभा मात्र दिलेली नाही. नाकारली तर तेच आवेदन स्पीड पोस्टाने तुमच्या झोनच्या डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) पाठवा. मंगळवारच्या जनसुनवाईत (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) गेलात तरी चालेल, पण पोस्टाची पावती जास्त उपयोगी, कारण तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाताना कोर्ट तीच आधी मागतं. १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा क्रमांक ताज्या व्यवहारांसाठी, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवण्यासाठी. तुमचे पैसे काही महिन्यांपूर्वी त्याच्याच खात्यात गेलेत. बँकेचं स्टेटमेंट पुरेसं आहे.

फोन फॉरमॅट करू नका, बदलूही नका. मुलगी रागाने चॅट पुसेल, तिला आजच सांगा. स्क्रीनशॉट कापू नका, वर नंबर आणि तारीख दिसू द्या. कोर्टात हे सादर करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, ते कसं करायचं ते तुमचा वकील सांगेल.

तो उद्याच गजाआड जाईल अशी आशा धरू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा आधी हजर राहण्याची नोटीस जाते, अटक सरसकट होत नाही. पैशांबद्दलही तेच. गुन्हा नोंदवल्याने पैसे आपोआप परत येत नाहीत, आणि जामीन देताना 'आधी पैसे भर' अशी अट सरसकट घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय. त्यामुळे वसुलीची नोटीस वेगळी पाठवा, दाव्याची तीन वर्षांची मुदत निघून जाऊ देऊ नका. व्यवहारात काय घडतं ते सांगते: नोटीस हातात पडली की असे लोक तडजोडीला येतात. फसवणुकीचा गुन्हा कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतो. मिटवा, पण रक्कम खात्यात आल्यावर. चेकवर नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. तो म्हणेल, हे पैसे सासरकडून हुंडा म्हणून आले, फ्लॅट हा बहाणा आहे. हुंडा देणंही कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तुम्ही घाबराल. घाबरू नका. त्याने मागितलं तेव्हा काय सांगून मागितलं ते खरं लिहा. लग्नाची अट म्हणून मागितले असतील तर तेही लिहा. हुंडाबंदी कायद्याच्या कलम ७(३) खाली पीडित व्यक्तीच्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तुमच्या पत्रात तो सर्वांत शेवटी एका ओळीत आलाय. मुलीला विसरायचंय.

एफडी मोडून दिलेल्या दीड लाखांसाठी तुम्ही स्वतः फसवल्या गेलेल्या आहात. चेक तुमचा, सही तुमची, त्याने तुम्हालाच सांगितलं. तेवढ्यापुरती तक्रार तुम्ही तुमच्या नावाने करू शकता, मुलीची परवानगी कायदा मागत नाही. पण बाकी ३,१०,००० तिचे आहेत, प्रोफाइल तिच्या खात्यात दिसतं, मेसेज तिच्या फोनमध्ये आहेत. तिच्याशिवाय तुमची तक्रार उभी राहील, पण लंगडत. आणि तिला न विचारता केलीत, तर पोलीस तिलाच जबाबासाठी बोलावतील. ते तिला ठाण्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

ती ३६ वर्षांची आहे, काकू. तिने एकदा घटस्फोटाची केस काढलीय, कोर्ट म्हणजे काय ते तिला तुमच्यापेक्षा आणि भाच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिला 'विसरायचंय' म्हणजे कदाचित एवढंच, की पुन्हा तोच प्रकार एकटीने नको. तिला विचारा. आणि आणखी काही असेल जे तिने तुम्हाला सांगितलं नसेल, तर तेही तुम्ही विचारू नका, एखाद्या बाई वकिलाकडे तिला एकटीला जाऊ द्या. लग्नाचं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा न्याय संहितेत कलम ६९ खाली वेगळा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. तो आवेदनात यायचा की नाही हे फक्त तिने ठरवायचं, आणि तो जबाब महिला अधिकाऱ्यासमोरच व्हावा. केस 'वजनदार' करण्यासाठी कुणी हे कलम सुचवलं तर त्याला घराबाहेर काढा.

बोभाट्याबद्दल एक व्यवहाराची माहिती, दिरांसाठी नव्हे, मुलीसाठी. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकली जाते, त्यामुळे ३१८(४) ची तक्रार कुणालाही शोधून वाचता येईल, नावासकट. लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील एफआयआर तिथे टाकत नाहीत आणि पीडितेचं नाव छापणं हाच गुन्हा आहे. तक्रारदार म्हणून तुमचं नाव जावं की तिचं, हे दोघींनी बसून ठरवताना ही गोष्ट तिला माहीत असू द्या. तोवर वेबसाइटला तो ईमेल मात्र आजच जाऊ दे, त्याला कुणाच्याच निर्णयाची गरज नाही. आणि हॉलवाल्यांना लेखी कळवून टाका. तारीख अजून लांब असेल तर ६५,००० मधले काही तरी परत मिळतील.